अंगणवाडीची शिडी : बालशिक्षणाच्या संयोजनाचा व्यवसाय आणि वस्तीची भाषा

कल्याणहून मुरबाडमार्गे माळशेज घाटाकडे जाणाऱ्या रस्त्यावर वैशाखरे हे गाव लागते. नाणेघाटाची कोकणातील चढण याच परिसरातून सुरू होते. घाटमाथ्यावरील लेण्यात सातवाहनकालीन ब्राह्मी लेख आहे. तो प्राकृत भाषेत असून त्यातील अंकचिन्हे भारतातील अतिप्राचीन अंकचिन्हांत गणली जातात. भाषेचा अभ्यासक या वाटेने जातो तो बहुधा त्या लेखाच्या ओढीने. परंतु घाटाच्या पायथ्याशी, मुरबाड व शहापूर तालुक्यांतील पाड्यापाड्यांवर, भाषेचा दुसरा एक प्रश्न दररोज सकाळी उभा राहतो, आणि त्याची नोंद कोणत्याही शिळेवर झालेली नाही. तीन वर्षांचे मूल घराच्या अंगणातून अंगणवाडीच्या ओटीवर येते तेव्हा कोणत्या भाषेतून कोणत्या भाषेत येते, तेथे त्याला कोण समजून घेते, आणि समजून घेणाऱ्या त्या स्त्रीचे पुढे काय होते, हा तो प्रश्न होय.

यातील शेवटचा भाग प्रस्तुत लेखाचा मुख्य विषय आहे. एका अंगणवाडीत शिकविणे हे एक काम; वीस-पंचवीस अंगणवाड्यांचे शिक्षण, पोषण, आरोग्य व नोंदी यांचा मेळ घालणे हे दुसरे. या दुसऱ्या कामास येथे ‘संयोजन’ असे म्हटले आहे. हे संयोजन आयुष्यभराचा व्यवसाय म्हणून कसे घडते, त्याच्या पायऱ्या कोणत्या, आणि त्या पायऱ्यांत भाषेचे स्थान काय, याचा विचार पुढे केला आहे.

१. शब्दांचा पूर्वेतिहास

फ्रोबेल याने १८३७ मध्ये जर्मनीत लहान मुलांसाठी संस्था काढली व १८४० मध्ये तिला ‘किंडरगार्टन’, म्हणजे मुलांची बाग, हे नाव दिले. मराठीतील ‘बालवाडी’ हा शब्द त्या कल्पनेचा समानार्थी म्हणून शोभतो. पण कोकणात त्याला आणखी एक अर्थच्छटा प्राप्त होते. ‘वाडी’ म्हणजे जशी फुलाफळांची बाग, तशीच गावापासून सुटी वसलेली लहान वस्ती. ठाकूरवाडी, कातकरवाडी ही नावे मुरबाड-शहापूरकडे सर्वत्र ऐकू येतात. त्यामुळे ‘अंगणवाडी’ या शब्दात बाग आणि वस्ती हे दोन्ही अर्थ एकत्र नांदतात.

हा शब्द ज्या प्रयोगातून रूढ झाला तो प्रयोग जुन्या ठाणे जिल्ह्यातलाच आहे. ताराबाई मोडक (१८९२–१९७३) या राजकोट येथील स्त्रियांच्या अध्यापन विद्यालयाचे प्राचार्यपद सोडून १९२३ मध्ये भावनगरला गिजुभाई बधेका यांच्यासमवेत कार्य करू लागल्या. गिजुभाईंनी तेथील दक्षिणामूर्ती संस्थेत १९२० मध्ये बालमंदिर सुरू केले होते, आणि त्यामागे डॉ. माँटेसरी यांच्या पद्धतीची प्रेरणा होती. १९२६ मध्ये नूतन बालशिक्षण संघ स्थापन झाला. १९३६ मध्ये दादरला शिशुविहार उभे राहिले. येथवरचे कार्य मुख्यतः शहरातील सुशिक्षित कुटुंबांपुरते होते. १९४५ मध्ये ताराबाईंनी डहाणू तालुक्यातील बोर्डी येथे ग्राम बालशिक्षा केंद्र काढले तेव्हा प्रश्नाचे स्वरूपच पालटले. गरीब वस्तीतील मुले बालवाडीत येत ना. कोणी धाकटे भावंड सांभाळी, कोणी गुरांमागे जाई. तेव्हा मुले शाळेकडे येत नसतील तर शाळेने मुलांच्या अंगणात जावे, असा निर्णय झाला. अंगणातील बालवाडी ती अंगणवाडी. पुढे कोसबाडच्या टेकडीवर याच विचारातून गुरे राखणाऱ्या मुलांसाठी कुरणशाळा निघाली, आणि पाळणाघर, बालवाडी व प्राथमिक शाळा यांना एकत्र जोडणारी ‘विकासवाडी’ आकारास आली. बोर्डी व कोसबाड ही गावे १ ऑगस्ट २०१४ पासून पालघर जिल्ह्यात मोडतात.

२ ऑक्टोबर १९७५ रोजी केंद्र सरकारने एकात्मिक बालविकास सेवा योजना ३३ प्रकल्पांत प्रयोगादाखल सुरू केली, तेव्हा तिच्या केंद्रास ‘अंगणवाडी’ हेच नाव मिळाले. पश्चिम किनाऱ्यावरील एका खेड्यात रुळलेला शब्द अशा रीतीने अखिल भारतीय प्रशासनाचा शब्द बनला. प्रशासनात शिरलेल्या मराठी शब्दांच्या इतिहासात हे उदाहरण विशेष ध्यानात घेण्याजोगे आहे.

२. एका आयुष्याचा दाखला

संयोजनाचा व्यवसाय कसा घडतो हे पाहण्यास अनुताई वाघ (१९१०–१९९२) यांच्या चरित्राइतका बोलका दाखला दुसरा नाही. पुणे जिल्ह्यातील मोरगाव येथे त्यांचा जन्म झाला. बालपणीच विवाह झाला व तेराव्या वर्षी वैधव्य आले. त्यानंतर त्या शिकल्या, अध्यापनाची परीक्षा उत्तीर्ण झाल्या, नाशिक जिल्ह्यातील चांदवडकडे प्राथमिक शिक्षिका झाल्या आणि नंतर अनेक वर्षे पुण्याच्या हुजूरपागेत शिकवीत होत्या. नोकरी करीतच, रात्रीच्या शाळेतून, त्या १९३७ मध्ये मॅट्रिक झाल्या. १९४५ मध्ये त्या ताराबाईंबरोबर बोर्डीस आल्या. आरंभी त्या वस्तीतील मुलांना शिकविणाऱ्या शिक्षिका होत्या. मग इतर शिक्षिकांना तयार करणाऱ्या झाल्या. आणि ताराबाईंच्या निधनानंतर संपूर्ण संस्थेची धुरा त्यांच्याकडे आली. पदवी त्यांनी मिळविली ती पन्नाशी ओलांडल्यावर, १९६१ च्या सुमारास. १९८२ मध्ये प्रा. रमेश पानसे यांच्यासह त्यांनी ग्राममंगल ही संस्था स्थापिली. १९८५ मध्ये त्यांना पद्मश्री हा सन्मान लाभला. ताराबाईंना १९६२ मध्ये पद्मभूषण मिळाले होते.

या चरित्रातील क्रम लक्षणीय आहे. प्रथम प्रत्यक्ष मूल, नंतर वस्ती, नंतर शिक्षिकांचे शिक्षण, नंतर संस्था, आणि पदवी मध्येच केव्हातरी, कामाच्या ओघात. अधिकार कामातून आला. पदवीने त्यास पुष्टी दिली. आजच्या व्यवस्थेत हा क्रम कितपत शक्य आहे, हे पुढे पाहावयाचे आहे.

३. शिडीच्या पायऱ्या

शासकीय योजनेत पायऱ्या चार आहेत : मदतनीस, अंगणवाडी सेविका, पर्यवेक्षिका (जिला महाराष्ट्रात ‘मुख्य सेविका’ म्हणतात), आणि बालविकास प्रकल्प अधिकारी. योजनेच्या मापानुसार सर्वसाधारण ग्रामीण भागात ४०० ते ८०० लोकवस्तीमागे, तर आदिवासी व डोंगराळ भागात ३०० ते ८०० लोकवस्तीमागे एक अंगणवाडी धरली गेली. त्याहून लहान पाड्यांसाठी मिनी अंगणवाडीची तरतूद झाली. एका मुख्य सेविकेकडे साधारणतः वीस ते पंचवीस अंगणवाड्या असतात. संपूर्ण शहापूर तालुका व मुरबाड तालुक्यातील काही गावे अनुसूचित क्षेत्रात येतात, हे येथे ध्यानात ठेवावे.

सेविकेचे काम सहा सेवांचे आहे : पूरक पोषण, लसीकरण, आरोग्य-तपासणी, संदर्भसेवा, पोषण व आरोग्य यांविषयी मातांचे शिक्षण, आणि तीन ते सहा वर्षांच्या मुलांचे पूर्वप्राथमिक शिक्षण. यांपैकी शेवटच्या सेवेस पुष्कळदा शेवटचेच स्थान मिळते. वजन घेतले की नाही हे वहीत तत्काळ दिसते. मुलाने आज नवा प्रश्न विचारला की नाही हे कोणत्याच रकान्यात दिसत नाही. सबब शिक्षणाकडे लक्ष वळविणे हे संयोजकाचे काम ठरते.

मुख्य सेविकेचा महिना कसा जातो हे पाहिल्यास या कामाचे स्वरूप स्पष्ट होईल. प्रत्येक केंद्रास भेट द्यावयाची. नोंदवह्या व पोषण ट्रॅकर या प्रणालीतील नोंदी पडताळावयाच्या. मुलांची वजने व उंच्या घेण्याची रीत अचूक आहे हे पाहावयाचे. सेविकांची मासिक सभा घ्यावयाची. आरोग्यसेविका व आशा यांच्याशी लसीकरणाचा दिवस ठरवावयाचा. ग्रामपंचायतीकडे इमारतीचा, पाण्याचा, शौचालयाचा प्रश्न लावून धरावयाचा. आणि जून महिन्यात पहिलीत जाणाऱ्या मुलांची प्राथमिक शाळेशी गाठ घालून द्यावयाची. यांत मुरबाड-शहापूरच्या बाजूस आणखी एका गोष्टीची भर पडते. दिवाळीनंतर अनेक कातकरी व ठाकूर कुटुंबे वीटभट्ट्यांवर मजुरीसाठी भिवंडी, कल्याण, वसईकडे जातात आणि पावसाच्या तोंडावर परततात. मुलाचे नाव पाड्याच्या वहीत, आणि मूल भट्टीवर, अशी स्थिती निर्माण होते. १९९० च्या दशकात विधायक संसद या संस्थेने भट्टीवरील मुलांसाठी ‘भोंगाशाळा’ चालविल्या, त्या याच अनुभवातून. अंगण स्थलांतर करीत असेल तर अंगणवाडीनेही करावे, हा बोर्डीचाच तर्क येथे पुन्हा लागू झाला. दोन प्रकल्पांच्या हद्दींत विभागलेल्या अशा एका मुलाचा माग ठेवणे ही संयोजनाची खरी कसोटी होय.

४. वर चढण्याचे मार्ग

या व्यवसायात प्रवेश करण्याचे मार्ग स्थूलमानाने तीन आहेत.

पहिला मार्ग तळातून वर जाणारा. सेविका त्याच गावची रहिवासी असावी असा नियम आहे, आणि आता किमान शिक्षण बारावीपर्यंतचे अपेक्षित आहे. २०२२ मध्ये केंद्राने सक्षम अंगणवाडी व पोषण २.० या अभियानाची जी मार्गदर्शक तत्त्वे काढली, त्यांत पाच वर्षे काम केलेल्या मदतनिसांतून सेविकांची निम्मी रिक्त पदे, आणि पाच वर्षे काम केलेल्या सेविकांतून पर्यवेक्षिकांची निम्मी रिक्त पदे, इतर अर्हता पूर्ण होत असल्यास, पदोन्नतीने भरण्याचे तत्त्व आहे. राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाने २०२० मध्ये, बारावी झालेल्या सेविकांसाठी सहा महिन्यांचा प्रमाणपत्र अभ्यासक्रम व त्याहून कमी शिकलेल्यांसाठी एक वर्षाची पदविका सुचविली. ज्यांना पदवीच हवी त्यांना १९८९ मध्ये स्थापन झालेल्या यशवंतराव चव्हाण महाराष्ट्र मुक्त विद्यापीठाचे दार मोकळे आहे. अनुताईंनी नोकरी सांभाळून जे केले ते आज निदान नियमात बसते.

दुसरा मार्ग परीक्षेचा. पदवीधर स्त्री स्पर्धा-परीक्षेतून थेट मुख्य सेविका होते. प्रकल्प अधिकाऱ्याची निवड महाराष्ट्र लोकसेवा आयोगामार्फत होऊ शकते. गृहविज्ञानातील मानवी विकास, समाजकार्य किंवा शिक्षणशास्त्र यांतील पदवी येथे उपयोगी पडते. परंतु पाड्याशी पूर्वपरिचय असलाच पाहिजे असे नाही.

तिसरा मार्ग स्वयंसेवी संस्थांचा. तेथे एखादी शिक्षिका काही वर्षे बालवाडी चालविते, मग प्रशिक्षक होते, मग एका तालुक्याची कार्यक्रम-संयोजिका. येथे पायऱ्या लवकर चढता येतात. मात्र अनुदान संपले की पायरीही संपते.

तिन्ही मार्गांनी येणाऱ्या व्यक्तीस एकच गोष्ट सांगता येईल : शिकविण्याचा स्वतःचा अनुभव वगळून संयोजनाकडे जाऊ नये. ज्याने तीस मुलांना अर्धा तास गोष्टीत गुंतवून ठेवले नाही, त्याला दुसऱ्याच्या अंगणवाडीत काय पाहावे हे समजत नाही; तो मग वह्याच पाहतो.

५. ‘मानधन’ आणि ‘वेतन’

पायऱ्यांची नावे निरर्थक नसतात. ‘सेविका’, ‘मदतनीस’ व ‘मानधन’ हे तीन शब्द एकाच अर्थक्षेत्रातील आहेत. सेवा स्वेच्छेने करावयाची असते. मदत प्रसंगोपात्त असते. मान देण्यासाठी जे धन द्यावयाचे त्यास कामाच्या मोबदल्याचे माप लागू नसते. याउलट ‘अधिकारी’ व ‘वेतन’ हे शब्द दुसऱ्या क्षेत्रातील आहेत. शिडीच्या खालच्या दोन पायऱ्या एका शब्दक्षेत्रात आणि वरच्या दोन, मुख्य सेविकेच्या नावात ‘सेविका’ राहिली असली तरी, दुसऱ्या क्षेत्रात, अशी ही विभागणी आहे. ती केवळ शाब्दिक नाही. १ ऑक्टोबर २०१८ पासून सेविकेच्या मानधनाचा केंद्राने ठरविलेला आकडा महिना ३,००० रुपयांवरून ४,५०० रुपये झाला, आणि मदतनिसाचा १,५०० वरून २,२५० रुपये. राज्ये त्यांत आपली भर घालतात. डिसेंबर २०२३ पासून जानेवारी २०२४ पर्यंत महाराष्ट्रातील अंगणवाडी कर्मचाऱ्यांनी जो दीर्घ संप केला, त्याच्या मुळाशी हाच प्रश्न होता.

न्यायालयांतही या शब्दांचा कस लागला आहे. २००६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने कर्नाटकातील एका प्रकरणात अंगणवाडी सेविका ही शासकीय नागरी पदधारक नाही असा निर्णय दिला. पुढे गुजरातमधील दाहोद जिल्ह्यातून आलेल्या प्रकरणात, २५ एप्रिल २०२२ रोजी, त्याच न्यायालयाने सेविका व मदतनीस यांना १९७२ च्या उपदान-कायद्याचा लाभ मिळाला पाहिजे असे ठरविले, आणि त्यांना मिळणारे मानधन त्या कायद्याच्या अर्थाने ‘वेतन’च होय असे मानले. एका शब्दाचा अर्थ बदलला की वृद्धापकाळी एखाद्या स्त्रीच्या हाती काय पडेल हे बदलते, याचे याहून स्पष्ट उदाहरण शब्दार्थशास्त्राच्या पाठ्यपुस्तकातही सापडणार नाही.

६. वस्तीची भाषा ही अर्हता

आता मूळ प्रश्नाकडे वळता येईल. ग्रियर्सनच्या भाषा-सर्वेक्षणाचा सातवा खंड १९०५ मध्ये प्रसिद्ध झाला. मराठीला वाहिलेल्या त्या खंडात ठाकरी, काथोडी व वारली यांचीही नोंद आहे. मुरबाड-शहापूरच्या मुलांच्या तोंडी यांपैकी एखादी बोली असते, किंवा कुणबी, आगरी वा महादेव कोळी घरांतील मराठी असते. उत्तर कोकणातील अनेक बोलींत प्रमाण मराठीच्या ‘ण’ च्या जागी ‘न’ येतो. मूल ‘पानी’ म्हणते आणि त्यास ‘पाणी’ असे सुधारून दिले जाते. ही सुधारणा निरुपद्रवी वाटते. परंतु मूल पाणी मागत असते. त्याला उत्तर मिळते ते उच्चाराचे. असे दिवसातून दहा वेळा घडले की मूल बोलणे थांबविते, आणि पुढे प्राथमिक शाळेत ‘हे मूल मंद आहे’ असा शेरा त्याच्या नावावर पडतो. जो दोष व्यवस्थेच्या कानाचा असतो तो मुलाच्या बुद्धीचा ठरतो.

उच्चारभेद तरी सुसह्य होत. वस्तूंची नावे, नात्यांची संबोधने, सर्वनामे व क्रियापदांची रूपे जेथे वेगळी असतात, तेथे सूचनाच मुलास कळत नाही. विशेषतः कातकरी मुलांच्या बाबतीत हे अंतर मोठे असते. कातकरी ही महाराष्ट्रातील तीन विशेष दुर्बल आदिवासी गटांपैकी एक जमात. कोलाम व माडिया गोंड या अन्य दोन होत. १५ नोव्हेंबर २०२३ रोजी सुरू झालेल्या पीएम-जनमन अभियानात अशा वस्त्यांवर अंगणवाड्या उभारण्याचीही तरतूद आहे. इमारत उभी राहील. तीत बोलणार कोण, हा प्रश्न उरतो.

२०२० च्या धोरणाने तीन ते आठ वर्षे हा एकच पायाभूत स्तर मानला व किमान पाचवीपर्यंत शक्य तेथे घरची भाषा हेच माध्यम असावे असे म्हटले. या स्तराचा राष्ट्रीय अभ्यासक्रम-आराखडा ऑक्टोबर २०२२ मध्ये आला. ‘पोषण भी पढाई भी’ हा उपक्रम मे २०२३ मध्ये. कागदावर, म्हणजे, घरची भाषा मान्य झाली आहे. ती अंगणवाडीत उतरविणे संयोजकाच्या हाती आहे, आणि त्यासाठी फार साधने लागत नाहीत. मुख्य सेविकेने प्रत्येक पाड्यावर घरात कोणती बोली बोलतात याची नोंद करावी. वस्तीतील आज्यांकडून गोष्टी, उखाणे व खेळगाणी मिळवून सेविकांच्या मासिक सभेत त्यांची देवाणघेवाण घडवावी. पहिल्या काही महिन्यांत मुलाच्या बोलीतच उत्तर द्यावे, आणि प्रमाण रूप हळूहळू त्याच्या शेजारी ठेवावे, त्याच्या जागी नव्हे. मदतनीस त्याच वस्तीची असेल तर तिला केवळ खिचडीच्या पातेल्यापाशी न ठेवता गोष्टीच्या वेळी मुलांत बसवावे. कारण त्या केंद्रातील भाषेचे सर्वांत मोठे ज्ञान पुष्कळदा तिच्यापाशीच असते.

येथे शिडीतील मूळ विसंगती उघड होते. मुलाची भाषा ज्या स्त्रीस येते ती सर्वांत खालच्या पायरीवर असते. जिला प्रमाणपत्र आहे ती वरच्या पायरीवर असते, आणि तिला ती भाषा येतेच असे नाही. भरतीच्या कोणत्याही परीक्षेत काथोडी वा ठाकरी येते काय, असा प्रश्न गुणांसाठी विचारला जात नाही. म्हणून पदोन्नतीसाठी राखलेली ती निम्मी पदे केवळ कर्मचारी-कल्याणाची बाब नव्हे. वस्तीची भाषा निर्णयाच्या पायरीपर्यंत पोहोचण्याचा आज तोच एक राजमार्ग आहे. तो मोकळा राहावा यासाठी सेवेत असताना घेता येईल असे शिक्षण, त्यासाठी रजा, आणि बोलीच्या ज्ञानास अर्हतेत स्थान, या तीन गोष्टी आवश्यक ठरतात.

बोर्डीच्या प्रयोगाने शाळेस अंगणापर्यंत नेले. अंगणातील स्त्रीस प्रकल्पाच्या कार्यालयापर्यंत नेणे हा त्याचा उत्तरार्ध होय. वैशाखऱ्याच्या परिसरातील एखादी मदतनीस पंधरा-वीस वर्षांनी मुख्य सेविका होऊन त्याच पाड्यावर भेटीस आली, आणि दारातील मुलाशी त्याच्याच बोलीत बोलली, तर हा उत्तरार्ध सुरू झाला असे म्हणता येईल.